माजी सैनिकांची नोकरी-नोंदणी सेवा: कागदांसाठी चांगली, नोकरीसाठी बेभरवशाची

शिपाई म्हणून भरती झालेला जवान १७ ते १९ वर्षांच्या नोकरीनंतर, म्हणजे पस्तिशी-सदतिशीतच पेन्शनवर घरी येतो. पोरं शाळेत असतात, घराचं कर्ज फिटायचं असतं आणि निम्मी पेन्शन त्यातच जाते. तिन्ही दलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण असे बाहेर पडतात, बहुतेक ३५ ते ४५ वयाचे. त्यांना दुसरी नोकरी मिळावी म्हणून सरकारने जी व्यवस्था उभी केली आहे, तिचं हे परीक्षण आहे. त्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंदणी, दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयाची (सगळे डीजीआर म्हणतात) प्रशिक्षणं आणि योजना, सरकारी भरतीतलं आरक्षण आणि सुरक्षारक्षकाच्या कंत्राटी नोकऱ्या एवढं येतं. शिपाई ते सुभेदार या पदांपुरतंच बोलू. अधिकाऱ्यांची नोंदणी थेट डीजीआरकडे असते आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात.

आधी निकाल सांगतो. तुमचा हक्क सिद्ध करणारे कागद तयार करून घ्यायला ही सेवा चांगली आहे. पण नाव नोंदवून नोकरीची वाट बघणार असाल, तर वर्षं निघून जातील.

असं का, ते या सेवेच्या जन्मात दडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली होती. युद्ध संपलं तशी या माणसांची नोकरीही संपली. त्यांना सामावून घेण्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय स्थापन झालं आणि ठिकठिकाणी रोजगार विनिमय केंद्रं उघडली. फाळणीनंतर ती निर्वासितांसाठी खुली झाली आणि १९४८ मध्ये सगळ्यांसाठी. म्हणजे ज्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी कार्डं काढली, ते मुळात सुटलेल्या फौजींसाठी निघालेलं खातं. पद्धत साधी होती: माणसाचं नाव यादीत घ्यायचं, मालकाकडून जागा आली की यादीतली नावं पाठवायची. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा कळवणं सक्तीचं केलं, पण त्या यादीतूनच माणूस घ्यावा अशी सक्ती केली नाही. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रोजगार विनिमय केंद्राकडून नावं मागवली तरी जाहीर जाहिरातही द्यावी. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण त्यानंतर यादीतल्या नावाची किंमत उतरली. जिल्हा कार्यालयातली नोंदणी आजही त्याच यादीच्या पद्धतीने चालते आणि भरती मात्र ऑनलाइन परीक्षांवर गेली आहे.

मधल्या काळात एक प्रयोग बरा झाला होता. १९६२ च्या चीन युद्धानंतर घाईने इमर्जन्सी कमिशन (तातडीची, थोड्या वर्षांची अधिकारपदं) दिलेले तरुण अधिकारी काही वर्षांत मोकळे होऊ लागले. तेव्हा १ नोव्हेंबर १९६२ नंतर कमिशन मिळालेल्यांसाठी केंद्रीय सेवांमधल्या काही जागा राखून ठेवणारे नियम १९६७ मध्ये निघाले. तिथे यादीत थांबायचं नव्हतं, ठरलेली जागा होती. जवानांच्या वाट्याला मात्र यादी आणि टक्केवारीच आली.

आता नोंदणीकडे वळू. महाराष्ट्रात महासैनिक पोर्टलवर माहिती भरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दाखवायचे. डिस्चार्ज बुक म्हणजे सेवामुक्तीची पुस्तिका (सगळ्या पानांची झेरॉक्स, फक्त पहिल्या पानाची नव्हे), पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार, पॅन, बँक पासबुक, शाळेचा दाखला, फोटो हे सगळं सोबत असावं. माजी सैनिक ओळखपत्र आधी करून घ्यावं, कारण पुढे प्रत्येक अर्जात त्याचा नंबर लागतो. इथला कल्याण संघटक हा या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत उपयोगी माणूस. तो बहुधा स्वतः माजी सैनिक असतो आणि कुठला कागद कुठे अडेल हे त्याला अधिकाऱ्याच्याही आधी कळतं.

कागद हमखास अडतो तो नावावर. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, फौजेच्या कागदांवर नाव आधी, आधारवर वडिलांचं नाव गायब. बायकोचं नाव डिस्चार्ज बुकात माहेरचं आणि आधारवर सासरचं. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. परीक्षेचा फॉर्म भरताना यातलं काहीच आडवं येत नाही. निवड झाल्यावर कागद तपासणीत मात्र सगळं एकदम उभं राहतं आणि तिथे मुदत पंधरा दिवसांची वगैरे असते. सेवेत असताना ही दुरुस्ती युनिटच्या क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीत बदल करणारा आदेश) काढून होते. घरी आल्यावर तीच गोष्ट प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि जिल्हा कार्यालयामार्फत आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र अशा वाटेने जाते आणि महिने खाते. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोड कॅम्पला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, त्यामुळे ही मंडळी निदान जाऊन तरी येऊ शकतात. महार रेजिमेंटवाल्याला सागर गाठावं लागतं. शेवटच्या वर्षाच्या रजेत घरी येताना डिस्चार्ज बुकात जाणाऱ्या नोंदी आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. पुढच्या सगळ्या खटाटोपात याच्याइतकं फायद्याचं दुसरं काम नाही.

आरक्षणाचे आकडे कागदावर भरभक्कम आहेत. केंद्र सरकारच्या गट क मध्ये १० टक्के, जुन्या गट ड मध्ये २० टक्के. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत गट क मध्ये १४.५ आणि गट ड मध्ये २४.५ टक्के, ज्यात ४.५ टक्के युद्धात अपंग झालेल्यांसाठी आणि वीरगती मिळालेल्यांच्या कुटुंबीयांसाठी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण. प्रत्यक्षात काय? ३० जून २०२१ च्या डीजीआरच्या आकडेवारीत केंद्राच्या खात्यांमध्ये गट क मधले माजी सैनिक १.२९ टक्के होते आणि गट ड मधले २.६६ टक्के. तेही ७७ पैकी ज्या ३४ खात्यांनी माहिती दिली, त्यांच्यापुरतं. उरलेल्यांनी आकडेच कळवले नव्हते.

एवढी तूट एका कारणाने पडत नाही. पहिलं कारण परीक्षेचं. सतरा वर्षं बंदूक, रडार नाहीतर गाडी सांभाळलेल्या माणसाला साठ मिनिटांत शंभर प्रश्न सोडवायला बसवलं, तर जागा राखीव असूनही किमान गुण गाठता येत नाहीत आणि जागा तशीच राहते. दुसरं समांतर आरक्षणाचं. माजी सैनिकाची जागा खुला, ओबीसी, एससी अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत असते. त्या प्रवर्गात पात्र माजी सैनिक मिळाला नाही, की ती त्याच प्रवर्गातल्या इतर उमेदवाराला जाते. जाहिरातीत एकूण जागा बघून अर्ज करू नका, आपल्या प्रवर्गापुढे माजी सैनिकाच्या रकान्यात किती आकडा आहे ते बघा. तिथे शून्य असेल तर तुमची लढत सर्वसाधारण उमेदवारांशी आहे. तिसरं कारण माहितीचं: सवलती आहेत, पण त्यांचं गणित फार थोड्यांना नीट येतं.

ते गणित असं. केंद्राच्या गट क साठी आजच्या वयातून फौजेतली सेवा वजा करायची. उरलेलं वय पदाच्या कमाल वयापेक्षा तीन वर्षांहून जास्त नसलं, की पात्र. वय ३९ आणि सेवा १७ असेल तर उरले २२. पदाची मर्यादा २७ असेल तर ३० पर्यंत चाललं असतं, म्हणजे आठ वर्षं हातात आहेत. महाराष्ट्रातही सेवेचा कालावधी अधिक तीन वर्षं अशीच सूट आहे, आणि दिव्यांग माजी सैनिकासाठी मर्यादा ४५ वर्षं. वय संपलं म्हणून घरी बसलेल्या कित्येकांचं वय प्रत्यक्षात संपलेलं नसतं.

शिक्षणाचंही तसंच. दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क च्या पदवी मागणाऱ्या पदांसाठी पदवीधर मानतात. पण विशिष्ट विषयाची किंवा तांत्रिक पदवी मागितली असेल तर हे चालत नाही. लेखा परीक्षक, कनिष्ठ अभियंता असल्या पदांना पदवीधर समजल्याचा दाखला जोडून अर्ज करणारे तपासणीत बाद होतात आणि वर परीक्षेचा हंगामही वाया जातो. निवृत्तीला एक वर्ष उरलं असतानाच अर्ज करता येतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं. रुजू व्हायचं ते अर्थातच सेवा पुरी झाल्यावर. पेन्शन मिळण्याइतकी सेवा करून स्वतःहून बाहेर पडलेलाही माजी सैनिकच असतो. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता म्हणून काढलेला नसतो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक पहिल्या नोकरीनंतर होते. माजी सैनिक म्हणून सवलत घेऊन सरकारी नोकरीत रुजू झालात, की पुन्हा नोकरीसाठीचा तो दर्जा संपतो. हाताला लागली म्हणून सरकारी कचेरीत शिपायाची जागा धरली आणि चार महिन्यांनी बँकेचा निकाल आला, तर आरक्षण गेलेलं असतं. यावर केंद्राने १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने वाट काढली आहे. रुजू होण्याआधी जिथे जिथे अर्ज केले, त्यांची तारीखवार यादी स्वयंघोषणेने नव्या कार्यालयाला दिली, तर त्या अर्जांपुरती सवलत टिकते. म्हणून एक वही ठेवा: जाहिरात क्रमांक, पद, अर्जाचा क्रमांक, तारीख. रुजू व्हायच्या दिवशीच ही यादी आवक शिक्का मारून द्या आणि पोच घ्या. महिन्याभराने दिली तर पुढे वाद निघतो.

पगाराची एक चांगली बाजू. ५५ च्या आत निवृत्त झालेला अधिकारी पदाखालचा माणूस केंद्राच्या नोकरीत लागला, तर पगार ठरवताना त्याची पेन्शन पूर्ण बाजूला ठेवतात. पदाचा पगार आणि पेन्शन दोन्ही हातात येतात. पेन्शन कापली जाते ही कॅन्टीनच्या रांगेत ऐकू येणारी भीती जवानांच्या बाबतीत खरी नाही.

डीजीआरच्या प्रशिक्षणांबद्दल संमिश्र मत आहे. जवानांना फी नसते, अधिकाऱ्यांना ४० टक्के स्वतःच्या खिशातून भरावी लागते. बहुतेक अभ्यासक्रम शेवटच्या वर्षात, सेवेत असतानाच करायचे असतात आणि अर्ज युनिटमार्फत जातो. युनिट सीमेवर असेल तर सुटका उशिरा होते, बॅच निघून जाते. निवड करताना गावाजवळचं केंद्र बघून कोर्स घेऊ नका. घरापासून लांब पण पुढे परवाना मिळवून देणारा कोर्स घ्या, कारण बाहेरच्या जगात फौजेचा ट्रेड तसाच्या तसा चालत नाही. फौजेतल्या वीजतंत्र्याला नागरी वायरमन परवाना लागतो. नर्सिंग असिस्टंटला नर्स म्हणून परिषदेची नोंदणी नसते, त्यामुळे रुग्णालय त्याला वॉर्डमध्ये सहायक म्हणून घेतं आणि पगार तसाच देतं. चालकाची गोष्ट तर आणखी सोपी आणि आणखी दुर्लक्षित. व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना काढायला हलक्या वाहनाचा नागरी परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. दहा टनी गाडी पंधरा वर्षं लेहच्या रस्त्यावर चालवलेला माणूस घरी येऊन हे वर्ष मोजत बसतो. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी, रजेत येऊन आरटीओत एक चक्कर टाकली असती तर हे टळलं असतं.

स्वयंरोजगाराच्या योजना झटपट पाहू. दूध आणि भाजीची केंद्रं, सीएनजी पंपांचं व्यवस्थापन हे मुख्यतः दिल्ली परिसरात. कोळसा वाहतुकीची कंपनी कोल इंडियाच्या खाणींजवळ. पेट्रोल पंप, गॅस एजन्सीत संरक्षण प्रवर्गाला जागा आहेत, पण भांडवल आणि जमीन लागते. सातारा-कोल्हापूरकडच्या साध्या जवानाला यातलं थोडंच लागू पडतं.

म्हणून शेवटी बहुतेक जण सुरक्षारक्षकाच्या नोकरीत येतात आणि दुसऱ्यांदा नोकरी जाते ती इथेच. महाराष्ट्रात मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, सरकारी आस्थापनांना रक्षक पुरवतं. डीजीआरच्या यादीवरच्या माजी सैनिकांच्या एजन्सी सार्वजनिक उपक्रमांना पुरवतात. उरलेल्या खाजगी. नोकरी एजन्सीची आणि जागा ग्राहकाची, त्यामुळे कंत्राट संपलं की दोन्ही जातात. नवी एजन्सी जुन्यांपैकी काहींना ठेवते, पण ‘नव्याने’. मागची वर्षं शून्य.

घेताना काय तपासायचं ते नेमकं सांगतो. केंद्राच्या कक्षेतल्या जागी असाल तर विनाशस्त्र पहाऱ्याला कुशल कामगाराचा आणि सशस्त्र पहाऱ्याला अतिकुशल कामगाराचा किमान दर आहे. महागाई भत्त्यासह तो १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. त्या महिन्यांत पगार तोच राहिला तर विचारा. खाजगी सोसायटीत राज्याचा दर लागू होतो आणि तो कमी असतो. भविष्य निर्वाह निधी १२ टक्के तुमचे आणि १२ टक्के मालकाचे. काही ठिकाणी दोन्ही वाटे तुमच्याच पगारातून वळते होतात आणि पगारपत्रकावर ‘एकूण खर्च’ असा आकडा छापून ते झाकलं जातं. यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायमचा) क्रमांक आपला जुनाच चालवा, प्रत्येक एजन्सीने नवा काढला की पैसे विखुरतात. पगार महिना २१ हजारांच्या आत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेची (ईएसआय) कपात तुमच्याकडून ०.७५ टक्के, त्याहून जास्त दिसली तर चूक आहे.

प्रशिक्षणाच्या नावाखालीही पैसे घेतात. खाजगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ चा, त्याखालच्या नियमांत नव्या रक्षकाला १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. माजी सैनिकाला मात्र ४० तास वर्गात आणि १६ तास मैदानावर, किमान सात दिवसांत, एवढंच पुरतं. वीस दिवसांचं प्रशिक्षण पुरं झाल्याशिवाय हजेरी लावणार नाही असं कुणी म्हणालं, तर हा नियम दाखवा. गनमनच्या जागेसाठी स्वतःची बारा बोअरची बंदूक आणि तिचा परवाना मागतात. जाण्याआधी परवान्यावरचं क्षेत्र वाचा. जिल्ह्यापुरता परवाना घेऊन मुंबईत उभं राहिलात, तर गुन्हा तुमच्यावर, एजन्सीवर नाही.

अग्निवीरांना या सेवेचा बहुतेक भाग लागूच होत नाही. २०२२ च्या योजनेप्रमाणे चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा, पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) किंवा कॅन्टीन नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतलं आरक्षण त्यांच्यासाठी वेगळं आहे आणि वयाची सूट पहिल्या तुकडीला पाच वर्षं, पुढच्यांना तीन. वर सांगितलेलं वयाचं गणित त्यांनी स्वतःला लावू नये. पंधरा वर्षांवरचा पदवीधर दाखला त्यांना मिळणार नाही हे उघडच आहे. गुण मोजायचे तर कागदपत्रांना पाचपैकी चार, आरक्षणाच्या नियमांना साडेतीन, प्रशिक्षणाला अडीच, नोकरी लावून देण्याला एक. अग्निवीरांसाठी गुणच देता येत नाहीत, खिडकी अजून उघडायची आहे.

राखीव जागा भरली जात नाही असं वाटलं तर नुसत्या तक्रार अर्जाला ‘योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. प्रश्न तीनच ठेवा: या भरतीत माजी सैनिकांसाठी प्रवर्गनिहाय किती जागा होत्या, त्यांवर किती माजी सैनिक रुजू झाले, आणि न भरलेल्या जागा कुणाला व कोणत्या आदेशाने दिल्या. बिंदुनामावलीची (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे दाखवणाऱ्या नोंदवहीची) प्रत सोबत मागा. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. उत्तर आलं की त्याची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना आणि एक पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाला द्या. आकडे हातात असले की त्यांनाही त्या खात्याकडे लेखी विचारणा करता येते.